वन्स मोअरनंतरचं शरीर

जेफ ॲस्टल हा इंग्लंडचा फुटबॉलपटू हेडरसाठी प्रसिद्ध होता. २००२ मध्ये, ५९व्या वर्षी, स्मृतिभ्रंश होऊन तो गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवलं: कामामुळे जडलेला आजार. पुढे २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. मग २०२१ पासून इंग्लंडमध्ये सरावात आठवड्याला जोरदार हेडर दहाच, असं ठरलं. उशीर झाला, पण निदान खेळाच्या नावावर खर्च तरी पडला.

आमच्या वडशातही असाच एक धंदा आहे, जिथे शरीर हेच भांडवल. झाडीपट्टीचं नाटक.

दिवाळी झाली की नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांत बुकिंग सुरू होतं, आणि मग पार होळीपर्यंत रोज नवं गाव. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक हवंच. जेवणं उरकल्यावर पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. डिसेंबरची थंडी, मोकळा मंडप, गाणी स्टेजवरच म्हणायची. नाटक संपलं की रंग पुसून गाडीत बसायचं, मिळेल तेवढं झोपायचं, रात्री पुन्हा उभं राहायचं. पैसे रात्रीच्या हिशोबाने. रात्र बुडाली की पैसे बुडाले. म्हणून घसा बसलेला माणूसही गातो, आणि आपण खालून 'वन्स मोअर' ओरडतो.

गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग! अभिमान मलाही आहे. पण इंजिनिअर माणूस, आकडा दिसला की भागाकार करतो. पाच हजार रात्री भागिले ३६५. साडेतेरा वर्षांहून जास्त जागरण, एका माणसाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. नाटकाने कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. पण रात्रीचं काम हा आरोग्याचा धोका आहे, हे जगाने कागदावर मान्य केलंय. आपण मात्र त्याला 'कलेची नशा' म्हणून मोकळे होतो.

"हौस आहे ना जी त्याची!" हे उत्तर ठरलेलं. ॲस्टललाही कुणी बळजबरी केली नव्हती. हौस हा शब्द पैसे देणाऱ्याच्या फार सोयीचा आहे. माझ्या ऑफिसात रात्री रिलीज असलं की सकाळी उशिरा या म्हणतात, मान आखडली तर खुर्ची बदलून देतात, वर विमा. आणि मी कोड लिहिताना कुणी शिट्टीसुद्धा मारत नाही.

सरकारची कलावंत मानधन योजना आहे. महिना ५,००० रुपये, पण पन्नाशीनंतर. लावणी करणाऱ्या मुलीचा गुडघा तिशीत बोलायला लागला, तर मधली वीस वर्षं तिने काय करायचं?

निर्मात्यांकडे पैशांच्या थैल्या नाहीत, हे मला माहीत आहे. एक अवकाळी पाऊस आला की अख्खा खेळ पाण्यात. म्हणून तर हा खर्च एकट्या मंडळावर टाकू नका, तिकिटावर टाका. तिकिटामागे पाच रुपये विम्याचे. आठवड्यात एक रात्र सुट्टी, अर्ध्या पैशांसह. आणि प्रत्येक मंडळात एक साधी वही: कोण, किती रात्री उभा राहिला, कधी आजारी पडला. स्कॉटलंडचा अभ्यास झाला तो खेळाडूंच्या जुन्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणून. इथे कलाकार या हंगामात एका मंडळात, पुढच्या हंगामात दुसऱ्यात. चाळीस वर्षांनी कुणी शोधायला आलं तर त्याच्या हाती जुनी पोस्टरं लागतील.

यंदा गावासाठी नाटक ठरवायला वडशाला आलात, तर हिरॉईन कोण आणि डान्सर किती हे विचाराच. मग ॲडव्हान्स मोजण्याआधी विम्याचा कागद दाखवा म्हणा. पहिल्या दिवशी हसतील. दहा गावांनी मागितला की काढतील.