माणसे न मोजणारा गुणाकार

रेल्वेमार्ग आणि रस्ता एकमेकांना छेदतात तेथे फाटक असावे की नसावे, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर ठरविणारे माप तपासले, की आत अर्थशास्त्र सापडते आणि अर्थशास्त्राच्या आत वर्गभेद.

हे माप ‘टीव्हीयू’ या नावाने ओळखले जाते. चोवीस तासांत त्या जागेवरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरील वाहनांची संख्या, असा हा गुणाकार आहे. मोटार एक, बैलगाडी एक, रिक्षा अर्धी. पायी चालणाऱ्याला त्यात स्थान नाही. गुणाकार एक लाखावर गेला की उड्डाणपुलाच्या खर्चात रेल्वे वाटेकरी होते. त्याखाली पहारेकऱ्याचे फाटक, आणि आणखी खाली केवळ ‘थांबा, पाहा, जा’ अशी पाटी, ही उतरंड आपल्याकडे दीर्घकाळ चालली.

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे वऱ्हाड घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर रेल्वेगाडीखाली सापडली. पन्नासहून अधिक माणसे गेली. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणातील मासाईपेट येथे नांदेड-सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेची बस उडविली. गुणाकाराच्या लेखी ती ट्रॉली म्हणजे एक वाहन, ती बस म्हणजेही एक वाहन. आणि एकटा गृहस्थ ज्या मोटारीत बसून जातो तीही एकच. गरिबाचे वाहन नेहमी भरलेले असते, हे ज्या मापाला कळत नाही ते तटस्थ कसे म्हणावे?

अपघातानंतर दोष चालकाच्या माथी मारण्याची सोय कायद्यातच आहे. बिनफाटकाच्या क्रॉसिंगपाशी वाहन थांबवून, वाहक किंवा सोबत्याला पुढे पाठवून गाडी येत नसल्याची खात्री करावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १३१ सांगते. हयगय करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १६१ खाली तुरुंगवास आहे. नियम वाईट नाही. परंतु बसमधील प्रवाशांचा अपराध कोणता? केरळमध्ये १९७९ साली अशाच एका बस-अपघातात सुमारे चाळीस जण दगावले. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिलेल्या निर्णयात, चालकाची चूक प्रवाशांवर लादता येत नाही आणि वर्दळीच्या जागी फाटक न ठेवणे हा रेल्वेचाही निष्काळजीपणा होय, असे मानले. हे ठरण्यास अठरा वर्षे लागली.

पैसा नाही, हे उत्तर आपण वर्षानुवर्षे ऐकले. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फाटके असलेली आणि नसलेली सर्वच क्रॉसिंग पाच वर्षांत संपवावीत, असे सुचविले. खर्चाचा अंदाज सुमारे ५०,००० कोटी रुपये होता, आणि चालविण्याच्या खर्चातील बचतीमुळे तो सात-आठ वर्षांत भरून निघेल, असेही समितीने म्हटले होते. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर येथे शाळेच्या गाडीतील तेरा मुले मेली. त्यानंतर कामाने जो वेग घेतला त्यामुळे जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरील बिनफाटकाची सर्व क्रॉसिंग संपली. याचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा आपण करू नये. मात्र जे इतक्या अल्पावधीत झाले ते त्याआधी का झाले नाही, हे विचारण्याचा अधिकार मृतांच्या आप्तांना आहे.

‘संपली’ या शब्दाकडेही नीट पाहिले पाहिजे. काही ठिकाणी पहारेकरी नेमले गेले. काही ठिकाणी वाट सरळ बंद झाली किंवा बुटका भुयारी मार्ग खणला गेला. त्या भुयारात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते आणि उसाची भरलेली ट्रॉली अडते. मग शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी मैल-दोन मैलांचा वळसा पडतो. रेल्वेच्या ताळेबंदात हा खर्च कोठेच उमटत नाही.

आणि फाटक असले म्हणजे झाले, असेही नाही. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथे पहारेकरी असलेल्या फाटकावर शाळेच्या गाडीतील तीन विद्यार्थ्यांचा बळी गेला. हे फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते. जोडलेल्या फाटकात, ते बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळतच नाही. न जोडलेल्या फाटकात सारी भिस्त स्टेशनमास्तरच्या फोनवर आणि एका माणसाच्या जागेपणावर. तो माणूस अनेक ठिकाणी बारा-बारा तास ड्यूटी करतो, कारण त्याचे काम ‘अधूनमधूनचे’ या वर्गात बसविले आहे. अपघात होताच निलंबित होणाराही तोच. उद्या पूल बांधून याच कामगाराच्या पगारातील बचत मोजली जाईल, तेव्हा त्याला अन्यत्र सामावून घेण्याची अटही आपण त्याच वेळी घातली पाहिजे.

सेम्मनकुप्पमनंतर रेल्वेने सिग्नल-जोडणीची मर्यादा वीस हजार टीव्हीयूवरून दहा हजारांवर आणली. पाऊल योग्यच आहे. पण माप तेच राहिले. म्हणून कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते, की आपापल्या तालुक्यातील प्रत्येक फाटकाची शेवटची वाहनगणना माहिती अधिकाराखाली मागवावी. फाटक सिग्नलशी जोडलेले आहे काय, पहारेकऱ्याची पाळी किती तासांची, हे विचारावे. आणि ती गणना कोणत्या महिन्यात झाली, ऊसतोडणीच्या हंगामात की शाळांना सुट्टी असताना, तेही अवश्य विचारावे.