चिबुडाचं बी आणि सातबारा

खरबूज आता वसईच्या बाजारात उन्हाळाभर मिळतं. चिबूड मात्र शोधावा लागतो. खरबुजाच्याच जातकुळीतलं हे कोकणपट्टीतलं जुनं पावसाळी फळ. जूनमध्ये बी टोचलं की गणपतीच्या सुमारास पिकतं, वासाने घर भरतं आणि साल आपोआप तडकते. मग उद्याची वाट पाहायची सोय नाही. चिरायचं, गूळ आणि नारळाचं दूध घालायचं आणि खायचं. ट्रकमधून लांब पाठवता येत नाही, म्हणून व्यापाऱ्याला त्यात रस नाही. तो टिकला तो परसात, आणि परस म्हणजे बाईचा कारभार.

बी राखणं हे काही आपोआप होणारं काम नाही. वेलावरचं सगळ्यात चांगलं फळ पोरं मागत असतानाही बियांसाठी ठेवावं लागतं. त्याचा बियांसकट गर एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचा, बिया धुऊन सावलीत वाळवायच्या, राख लावून डब्यात भरायच्या. काकडी शेजारी लावली तर चिबूड बिघडतो असं म्हणतात, ते खरं नाही. खरबुजाने मात्र बिघडतो, कारण मधमाश्या दोघांचे पराग एकत्र करतात. अशा वेळी जिच्या देठाशी इवलं फळ दिसतं ती कळी आणि एक नर कळी, दोन्ही संध्याकाळी फडक्याने बांधायच्या. सकाळी नर फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लावून ते पुन्हा बांधून ठेवायचं. बाजारातल्या संकरित बियाण्याची तर ही गोष्टच नाही, त्याचं बी राखलं तरी पुढच्या वर्षी तसं फळ येत नाही.

एवढं सगळं करणाऱ्या बाईला आम्ही फॉर्म भरताना विचारतो, काय काम करता? उत्तर ठरलेलं: "काही नाही, घरीच असते." आणि आम्हीही 'गृहिणी' लिहून मोकळ्या होतो.

कायदा काय म्हणतो पाहा. वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासाठी २००१ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात 'शेतकरी' म्हणजे फक्त जमीन कसणारा नव्हे. पारंपरिक वाण जपणारी व्यक्तीही शेतकरीच. तिला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचासुद्धा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आनंदच आहे. पण एका बाईचा सत्कार करणं सोपं असतं. घरोघरच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवणं अवघड.

आमच्याकडे वाडी विकायला निघते तेव्हा बिल्डरशी बोलणी ओटीवर होतात आणि चहा आतून येतो. बावखल बुजतं, परस जातं, आणि डब्यातलं बी पेरायला जागाच उरत नाही. बहिणींना तर बोलावतात तेच हक्कसोडपत्रावर सही करायला. ख्रिस्ती कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलगा-मुलगी समान आहेत. हिंदू घरात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे. तरी "भावाशी वाकडं कशाला" म्हणून सही होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या लढ्याने वाड्या वाचवायचा प्रश्न धसाला लावला. वाडी कोणाच्या नावावर, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागेच राहिला असं मला वाटतं.

तेव्हा मैत्रिणींनो, सही मागितली तर लगेच करू नका. सातबाऱ्याचा उतारा काढा, आपलं नाव आहे का, असेल तर मालकाच्या रकान्यात की 'इतर हक्कां'त, ते वाचा. कळत नसेल तर मंडळात घेऊन या, एकत्र वाचू. आणि येत्या संक्रांतीला प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा चिबुडाचं बी लुटूया. वाण या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यात येतील. हळदीकुंकू म्हणू नका हवं तर, पण विधवा, परित्यक्ता, ख्रिस्ती शेजारणी, सगळ्यांना बोलवा. पेरणीला जून उजाडेपर्यंत वेळ आहे, तोवर कोणाकडे बी शिल्लक आहे ते एकमेकींना विचारून ठेवू.