दोन रेघांची एक रेघ

दिवाळीच्या आधीचा आठवडा कर्त्या पुरुषाने घराबाहेरच काढावा, असे माझे जुने मत आहे. माळ्यावरचे डबे खाली येतात, खालच्या ट्रंका अंगणात जातात, आणि जो दिसेल त्याच्या हाती केरसुणी पडते. यंदा गुडघ्याने दगा दिला आणि मी घरातच सापडलो. त्यातून सुटका केली ती पुतणीने.

ही पुतणी पुण्याला असते. मलकापूरला गाडीतून उतरून, राजूरचा घाट चढून ती बुलढाण्याला आमच्याकडे पोचली आणि हातपाय धुऊन थेट कामालाच बसली. हल्ली नोकरी पिशवीत घालून कोठेही नेता येते. मी विचारले, "काय गं, सणासुदीचे काय चालले आहे?" तर म्हणाली, "काका, मीही साफसफाईच करते आहे. एका लायब्ररीचे पुस्तक झाडून काढते आहे."

मला वाटले, कोठल्या तरी वाचनालयातील वाळवी लागलेला ग्रंथ असेल. पण संगणकवाल्यांची लायब्ररी निराळी. आमची सौ. गोडा मसाला एकदाच करून बरणीत भरून ठेवते, मग आमटी असो की भरली वांगी, एक चमचा घातला की झाले. तशा, पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांच्या तयार बरण्या म्हणजे लायब्ररी. आणि कोणत्या बरणीत काय आहे, किती घालावे, हे सांगणारे जाडजूड पुस्तक म्हणजे तिचे संदर्भपुस्तक. पुतणी बरण्यांना हात लावत नव्हती, पुस्तकातील मजकूरही तिला बदलायचा नव्हता. ती नीट करत होती नुसत्या खुणा.

येथे मात्र मी खुर्ची पुढे ओढली. वाचकहो, माझी ऐन उमेदीची वर्षे खामगावच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली आहेत. शब्दाखाली नागमोडी रेघ म्हणजे ठळक खिळे, सरळ रेघ म्हणजे तिरपे, समासात अमुक चिन्ह म्हणजे अक्षर उडवा. या खुणा कंपोझिटरसाठी असतात, वाचकाने त्या कधी पाहायच्या नसतात. पुतणी म्हणाली, "आमचा 'मार्कअप' हा शब्द तुमच्याच छापखान्यातून आला. फरक एवढाच की आमचा कंपोझिटर यंत्र आहे. त्याला अक्कल नाही."

आमच्या कंपोझिटरला होती, पण ती नेहमी कामी येई असे नाही. एकदा बियाण्याच्या एका दुकानाचे पत्रक तपासताना एकरी प्रमाणाचा आकडा मला खटकला. मी त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिले, 'विचारून घेणे'. ही सूचना मालकांसाठी होती. पण मी तिच्याभोवती गोल करायला विसरलो, आणि पत्रके छापून आली ती 'विचारून घेणे' या शब्दांसह. दुसऱ्या दिवसापासून दुकानात रीघ. "इचारून घेनं लिवलं हाये, म्हून आलो जी!" दुकानदार हसला, मालक हसले नाहीत. तो आकडा खरोखरच चुकलेला निघाला, म्हणून माझी नोकरी वाचली.

पुतणीला ही गोष्ट फार आवडली. तिच्याकडे नेमका उलटा प्रकार घडतो. आमच्याकडे सूचना मजकूर होऊन छापली गेली, त्यांच्याकडे मजकुराला सूचना समजून यंत्र गिळून टाकते. वेबच्या पानांवर कोनी कंसांत जे लिहिले असेल ती खूण, असा नियम आहे. आता 'सी' भाषेत तयार फाइल मागवताना तिचे नाव नेमके अशाच कोनी कंसांत लिहावे लागते. ते तसेच्या तसे पानावर टाकले की यंत्राला वाटते ही कसलीशी खूण आहे, आणि नाव अदृश्य! वाचकाच्या वाट्याला 'मागवा' एवढाच शब्द येतो, काय मागवायचे ते नाही.

तरी अशी गाळलेली जागा डोळ्यांना दिसते. खरी फसवणूक आडव्या रेघेची. तिचे पुस्तक 'टेक्सइन्फो' नावाच्या पद्धतीने लिहिलेले आहे. एकच मूळ प्रत, तिच्यातून छापील पुस्तकही निघते आणि पडद्यावरची पानेही. छापील पानाचे काम करतो तो 'टेक्', आणि टेक्‌ची जन्मकथा ऐकून तर मला भरून आले. डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन प्राध्यापकाने १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. ती इतकी कुरूप होती की अक्षरजुळणीची स्वतःची पद्धत तयार करायला तो बसला. मुद्रिते पाहून वैतागलेले पुष्कळ लोक मला ठाऊक आहेत, पण इतका कामाचा वैताग दुसरा पाहिला नाही.

या पद्धतीत एक छोटी रेघ म्हणजे जोडरेघ. दोन लागोपाठ लिहिल्या की त्यांची एक थोडी लांब रेघ होते, 'पाने १० ते १५' यातल्या 'ते'साठी. तीन लिहिल्या की आणखी लांब. मोठी सोय आहे. पण संगणकाला आज्ञा देताना पुष्कळदा दोन छोट्या रेघा आणि त्यांना चिकटून एक शब्द द्यावा लागतो. 'ही आज्ञा आहे, जशीच्या तशी ठेव' अशी खूण तिच्याभोवती केली नाही, तर दोन रेघांची एक रेघ होते. पान सुबक दिसते. आज्ञा मात्र चालत नाही.

हे मला एरवी समजले नसते. पण शेजारी चिखलीकडचा एक मुलगा खोली घेऊन राहतो. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती आहे, पोरगा संगणक शिकतो. पुतणी आल्याचे ऐकून तो विचारायला आला. पुस्तकातून उतरवून घेतलेली आज्ञा दोन संध्याकाळी देऊन झाली होती, आणि यंत्र सारखे 'अशी फाइल नाही' म्हणत होते. "मले इंग्रजी येत नाही, म्हून होत नसन," तो खाली मान घालून म्हणाला. दिवाळीनंतर क्लास सोडून गावी जायचे, हेही त्याने ठरवून टाकले होते. पुतणीने पान पाहिले आणि कपाळावर हात मारला. तेथे दोन रेघा नव्हत्याच, एक लांब रेघ होती. पोराने छापल्याप्रमाणे सगळे बिनचूक केले होते.

मला त्या रात्री जेवण गोड लागले नाही. छापील अक्षरावर विश्वास ठेवणारा माणूस चूक पुस्तकाची असेल असे कधी धरतच नाही, स्वतःची धरतो. बियाण्याचे पत्रक घेऊन आलेले लोक निदान दुकानात येऊन विचारू शकत होते.

"मग एकदम सगळ्या रेघांना खूण कर आणि हो मोकळी," मी म्हटले. तसे तिने पहिल्या दिवशीच करून पाहिले होते. तेव्हा पृष्ठांकांमधल्या रेघाही आज्ञा होऊन बसल्या, आणि सगळे परत फिरवावे लागले. आता ती एकेका जागी थांबते, आजूबाजूचे वाक्य वाचते, ही रेघ कोणासाठी आहे ते ठरवते आणि मग खूण करते. प्रत्येक दुरुस्ती दुसरा माणूस जुन्याशी ताडून पाहतो. आम्हीही एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचत असे आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवत असे. त्याची आठवण झाली.

अशा कामाचा एक मोठा दाखला तिने सांगितला. 'ग्नू सी लायब्ररी' ही जगभर वापरात असलेली बरणी. तिच्या संदर्भपुस्तकात एखादी आज्ञा कोणत्या फाइलीत आहे आणि कोणत्या मानकात बसते, हे वर्षानुवर्षे नुसत्या टिपांत लिहिलेले असे. टीप म्हणजे यंत्राने छापताना वगळायची ओळ, माझ्या पेन्सिलीसारखी. पण पुस्तकाच्या शेवटची सूची करणारा छोटा प्रोग्राम याच टिपा वाचत होता! टीप वेडीवाकडी लिहिली तरी हटकणारे कोणी नाही. २०१७ साली तिथल्या लोकांनी आधी चुकलेल्या टिपा सुधारल्या, मग त्या सर्वांना स्वतंत्र खूण दिली, आणि सूची करणारा प्रोग्राम नव्याने लिहिला. खूण चुकली की तो सूची करायला साफ नकार देतो आणि एकूण एक चुका पुढे मांडतो. असा हेडकंपोझिटर मला मिळाला असता तर!

धनत्रयोदशीच्या रात्री पुतणीची रेघांची दुरुस्ती मंजूर झाली. पाडव्याला तो मुलगा फराळाला आला. चकली हातात ठेवूनच त्याने नव्या पानावरून आज्ञा दिली. यंत्र पुन्हा कुरकुरले. माझ्या पोटात गोळा आला. पोराने पडद्याजवळ डोळे नेले, एक अक्षर पुसून दुसरे घातले, आणि आज्ञा चालली.

"काका," तो हसून म्हणाला, "हे मातर माहीच चूक होती!"