माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा



ज्वारीचे खळे उरकले, हरभरा घरात आला, पाडव्याला सालगड्यांचे करार झाले. आता पाडव्यापासून रोहिणी निघेपर्यंतच्या दिवसांत नांगरट, बी-खताची जुळवाजुळव आणि घराची डागडुजी ही तीन कामे समोर असतात. पहिल्या दोन कामांबद्दल आमच्या खात्याची माणसे गावोगाव बैठका घेतात. तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. ते ज्याचे त्याने बघायचे, अशी रीत पडली आहे. पण बियाणे ज्या घरात ठेवायचे तेच घर मृगात गळाले किंवा भादव्यात बसले, तर खरिपाचे नियोजन कागदावरच राहते. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, सोलापूर आणि लातूरकडच्या भागाने हे भोगले आहे. पिकाबरोबर जमीन खरवडून गेली, तशी कितीतरी घरेही पडली.

म्हणून या वेळी घराबद्दल, त्यातही माळवदाच्या घराबद्दल लिहितो. गावठाणात आज सिमेंटची घरे वाढली आहेत हे खरे. तरी जुन्या आळीत फिरून बघा. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर मातीचे धाबे असलेली घरे अजून उभी आहेत, त्यात माणसे राहतात आणि धान्यही तिथेच असते. उन्हाळ्यात या घरासारखा गारवा नाही, हे आपण सगळे जाणतो. हे घर वाईट नाही. त्याची डागडुजी करण्याची आपली पद्धत मात्र तपासायला हवी.

गळती थांबते, ओझे वाढते

माळवद गळले की आपण काय करतो? पांढरीची माती आणतो, गळत्या जागी टाकतो, चोपतो. पाऊस थांबतो, गळती थांबते. पुढच्या वर्षी दुसरीकडे गळते, तिकडे टाकतो. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो. जुनी माती उतरवायची कुणाच्या मनातही येत नाही. टाकणाऱ्याचे चुकले असेही म्हणता येत नाही, कारण त्या वर्षापुरता उपाय लागू पडतो. पण दर वर्षीच्या उपायाने ओझे वाढत जाते.

जरा हिशेब मांडू. एक घनफूट सुक्या मातीचे वजन साधारण 45 किलो धरा. खोली 10 बाय 12 फुटांची असेल तर छप्पर 120 चौरस फूट झाले. त्यावर एक इंच मातीचा थर म्हणजे 10 घनफूट, म्हणजेच साडेचार क्विंटल. थर दीड फुटाचा झाला असेल तर डोक्यावर 81 क्विंटल माती आहे. ही झाली सुकी माती. पावसात भिजली की वजन आणखी वाढते. सोयाबीनची 81 क्विंटल पोती माळवदावर नेऊन थप्पी लावा असे कुणी सांगितले, तर आपण त्याला वेड्यात काढू. माती मात्र थोडी थोडी चढते, म्हणून डोळ्यांत येत नाही.

इकडे वर ओझे वाढते आणि खाली तुळई जुनी होते. तिला वाळवी लागते, भिंतीत रुतलेले टोक ओलीने कुजते. खांबाखालची माती उंदीर पोखरतात. सतत दोन-तीन दिवस झड लागली की हे सगळे एकदम पुढे येते. म्हणून बरीच घरे पावसाच्या पहिल्या सरीत न पडता झडीच्या तिसऱ्या दिवशी, बहुधा रात्री पडतात.

किल्लारीने शिकवलेले

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. ती का गेली, याचा अभ्यास तज्ज्ञांनी केला तेव्हा दोन कारणे ठळकपणे पुढे आली. एक, माळवदावरचा मातीचा जाड थर. दुसरे, मातीत रचलेल्या दगडी भिंती. या भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दोन पडदे असतात आणि मध्ये भर असते. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारे आरपार दगड नसले की धक्क्याने पडदे सुटतात आणि वरची माती आत झोपलेल्या माणसांवर येते.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. 52 गावे नव्या जागी वसली. भूकंपाने कमी नुकसान झालेल्या इतर गावांत घरे दुरुस्त करून मजबूत करण्यासाठी पैसे मिळाले. त्यात माळवदावरची माती कमी करणे आणि भिंतीत आरपार बांध घालणे ही कामे सुचवलेली होती. पण अनेकांनी त्या पैशांत शेजारी एक सिमेंटची खोली बांधली आणि जुने माळवद तसेच ठेवले. नव्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे, जुन्या घरात म्हातारी माणसे आणि धान्य, असे चित्र आजही अनेक गावांत दिसते. भीती ओसरली, माती पुन्हा चढली.

या पंधरवड्यात काय करावे

माळवदावर एक जागा खणून थर मोजा. आठ इंचांपेक्षा जास्त असेल तर वरची माती उतरवा. आपल्या हिशेबातली खोली दीड फुटावरून आठ इंचांवर आणली तर 45 क्विंटल ओझे कमी होते. चार माणसांचे दोन-तीन दिवसांचे काम आहे. त्याआधी आत तुळयांना बल्ल्यांचे टेके द्या, घरातली माणसे, जनावरे बाहेर काढा. माती एका कडेने पूर्ण न उपसता सगळीकडून सारखी, थराथराने काढा आणि वरच एका जागी ढीग करू नका.

उरलेल्या मातीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर दोन इंच पांढरी माती चोपा. उतार पन्हळीकडे ठेवा, दर चार फुटांना एक इंच पुरे. काळी माती चुकूनही वापरू नका. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात हे रोज पाहतो आणि घरावर विसरतो.

तुळया, खांब ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा पेचकस सहज आत गेला तर ते लाकूड बदला. ऊसतोडीला गेलेल्यांची घरे पाच-सहा महिने बंद असतात. त्यांनी परतल्यावर हे पहिले काम करावे. वाळवीचे औषध घेतलेच तर प्रमाण डब्यावरचे पाळा आणि धान्याच्या खोलीत फवारू नका.

भिंतीला पोट आले असेल तर त्यावर गिलावा मारून झाकू नका. गिलाव्याने भिंत देखणी होते, पण पोट कमी होत नाही. तो भाग जाणत्या गवंड्याकडून टेका देऊन उतरवून आरपार दगड घालून पुन्हा रचावा. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू नये म्हणून उतरवलेली मातीच भरून बाहेरच्या बाजूला उतार करा. ती शेतात टाकायची असेल तर आधी परीक्षण करून घ्या, कारण पांढरीच्या मातीत क्षार जास्त असू शकतात.

पत्र्याचे घर असेल तर वर ठेवलेले दगड काढा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि वादळ आठवा. वावटळीत पत्रा सुटला की तोच दगड खाली माणसाच्या डोक्यात येतो. पत्रे हुक आणि वायसर लावून खालच्या लाकडाला किंवा अँगलला आवळा. हे काम मृगाची वाट न पाहता आत्ताच करा, कारण अवकाळी वैशाखातच येतो.

पडल्यावर मदत, सावरायला नाही

आता मुद्द्याचे बोलू. केंद्राने 2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये होते. अंशतः पडझड, तीही किमान 15 टक्के असली तर, पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. घरकुल योजनेतूनही पैसे मिळतात, पण नवे घर बांधायला. उभे घर पडू नये म्हणून जुनी माती उतरवायला, एक तुळई बदलायला यातला रुपयाही नाही. पडल्यावर लाखाने मोजणारी व्यवस्था सावरण्यासाठी काही हजार देत नाही, हा या धोरणातला मोठा खड्डा आहे. शासनाने घरकुलाची यादी पुरी होईपर्यंत तरी धोक्याच्या माळवदांना दुरुस्तीची छोटी मदत द्यायला हवी. ती मागणी गावातून आली तरच वर पोचेल.

तोपर्यंत गाव काय करू शकते? 1 मेच्या ग्रामसभेत धोक्याच्या घरांची यादी वाचा. ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक आणि तलाठी, यांनी सरपंचांबरोबर एक फेरी मारली तरी यादी होते. माती वाहायला ट्रॅक्टर गावातच आहेत. विधवा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची माळवदे तरुणांनी श्रमदानाने हलकी करावीत. झडीच्या रात्री अशा घरांतल्या माणसांनी शाळेत झोपायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

आणि कागद बघा. नमुना 8 ला घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसाची नोंद आत्ताच करून घ्या. स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका मिळाली असेल तर नाव, क्षेत्र तपासा. घराचे चारी बाजूंनी आणि आतून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी घर कसे होते हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

रोहिणी 25 मेच्या आसपास निघतात. कोरडे दिवस तेवढेच आहेत. नांगरटीला निघण्यापूर्वी एकदा शिडी लावा आणि माळवदावरचा थर मोजा.