खलाशी बोलू लागतात तेव्हा

साहित्याच्या अभ्यासकाला गप्पांचे वावडे असते, असे म्हटल्यास त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तेच शब्द नाटकातील पात्राच्या तोंडी असले की आम्ही त्यांचे पदर उलगडू लागतो. आणि ते स्वगत असेल, तर तासच्या तास त्यावर खर्च करतो. मात्र चार माणसे रस्त्याच्या कडेला बसून जे बोलतात, ते आमच्या लेखी निव्वळ कालापव्यय ठरते. प्रस्तुत लेखात आम्हांला अशाच एका कालापव्ययाची बाजू मांडायची आहे. निमित्त आहे ते ऑस्ट्रेलियातील वयस्क मोटारसायकलस्वारांच्या गप्पांचे. या गप्पांचा टेनिसनच्या एका सुप्रसिद्ध कवितेशी थेट संबंध आहे. त्यामुळे हा विषय साहित्यचर्चेच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

१९८३ साली स्टीफन डिअर्नली यांच्या पुढाकाराने सिडनी येथे ‘युलिसिस क्लब’ स्थापन झाला. सभासद होण्यासाठी मोटारसायकलची आवड हवी आणि वयाची चाळिशी ओलांडलेली हवी. क्लबचे नाव टेनिसनच्या ‘युलिसिस’ या कवितेवरून घेतलेले. इथाकाचा वृद्ध राजा कारभाराला कंटाळतो, जुन्या सोबत्यांना गोळा करतो आणि पुन्हा समुद्रावर निघू पाहतो; ही कल्पना संस्थापकांना आपलीशी वाटली. क्लबचे ब्रीदवाक्य आहे ‘ग्रो ओल्ड डिसग्रेसफुली’. म्हातारे जरूर व्हावे, पण शहाण्यासारखे होऊ नये, असा त्याचा भावार्थ. हे वाक्य वाचताना जेनी जोसेफ यांची ‘वॉर्निंग’ ही कविता आठवल्यावाचून राहत नाही. न्यूझीलंडसारख्या अन्य देशांतही पुढे याच नावाचे क्लब निघाले. ऑस्ट्रेलियातील क्लबने संधिवाताच्या संशोधनासाठी निधीही उभारला. ज्या बोटांनी क्लच दाबायचा त्याच बोटांना हा रोग धरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निधीमागचे औचित्य कळते.

सिडनीहून उत्तरेस निघाले, की हॉर्न्सबीच्या पुढे जुना पॅसिफिक महामार्ग वळणे घेत हॉक्सबरी नदीकडे उतरतो. १९६०च्या दशकापासून शेजारून नवा द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने झाला आणि घाईची वाहतूक तिकडे गेली. जुना रस्ता त्याच्या सगळ्या वळणांसकट मोटारसायकलवाल्यांच्या वाट्याला आला. या रस्त्यावर काउअन येथे ‘पाय इन द स्काय’ नावाचे खाद्यगृह मोटारसायकलस्वारांचा थांबा म्हणून प्रसिद्ध आहे. येथील ‘पाय’ म्हणजे मैद्याच्या कवचात खिमा आणि दाट रस्सा भरून भाजलेला, एका हातात मावेल असा पदार्थ. मराठीत हा शब्द लिहिताना घोटाळा होतो खरा. पण पुढे गुडघ्यांचाही विषय येणार असल्याने तो घोटाळा आम्ही तसाच राहू देत आहो.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आम्ही तेथे शेजारच्या मेजावर बसून तासभर अशा गप्पा ऐकल्या. बोलणारे सहा-सात जण होते, त्यांत दोन स्त्रिया. बहुतेकांनी साठी ओलांडलेली. विषय तीनच होते: रस्ते, तीनचाकी आणि पाय. सुरुवातीला आम्हांला त्यात ऐकण्याजोगे काही वाटले नाही. अर्ध्या तासानंतर लक्षात आले की, हे लोक एका चौथ्या विषयाबद्दल बोलत आहेत आणि त्याचे नाव मात्र कोणीच घेत नाही.

प्रथम रस्त्यांचे पाहू. पोर्ट मॅक्वॉरीहून वॉल्चाकडे चढणाऱ्या ऑक्सली महामार्गाची वळणे, विंडसरहून सिंगल्टनकडे जाणारा पुटी रस्ता, त्यावर पेट्रोल कोठे मिळते आणि कोठे मिळत नाही, अशी माहिती ते एकमेकांना देत होते. वस्तुतः ती प्रत्येकालाच ठाऊक असावी. एकजण म्हणाला, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा हल्ली आपण चारच्या आत घरी पोहोचतो. सर्वांनी माना डोलावल्या. कांगारूंचा धोका खरा आहे. तिन्हीसांजेला ते बाहेर पडतात हे तेथे लहान मुलालाही माहीत असते. परंतु कांगारू तर तीस वर्षांपूर्वीही होते. ‘हल्ली’ या एका शब्दात मोतीबिंदू होता, समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपणारे डोळे होते. ते सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण ते सर्वांनी ऐकले होते.

तीनचाकीचा प्रश्न अधिक नाजूक. आपल्याकडे तीनचाकी म्हटले की रिक्षा डोळ्यांसमोर येते. तेथे मात्र ‘ट्राइक’ म्हणजे मागे दोन चाके लावलेली, किंवा २००७ साली बाजारात आलेल्या कॅन-ॲम स्पायडरप्रमाणे पुढे दोन चाके असलेली मोठी मोटारसायकल. ती चालवण्याचे तंत्र जाणकारांनी समजून घेण्यासारखे आहे. दुचाकी वेगात असताना उजवीकडे वळायचे तर हँडलची उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. हे ज्ञान डोक्यात नसते, शरीरात असते. नेहमीची ट्राइक कलत नाही. तिचे हँडल सरळ वळवावे लागते आणि वळणावर अंग बाहेर फेकले जाते. म्हणजे चाळीस वर्षांत अंगी मुरलेली विद्या एका दिवसात विसरावी लागते. मग लोक ट्राइककडे का वळतात? कारण वेगातली दुचाकी स्वतःचा तोल बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते. सिग्नलला उभी राहिली म्हणजे मात्र तिचे तीनशे-साडेतीनशे किलो वजन स्वाराच्या एका पायावर येते. वार्धक्य धावताना उघडे पडत नाही, थांबताना पडते.

त्या मेजावर सत्तरीतील एक गृहस्थ होते. त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांनी ट्राइकबद्दल विचारले ते सारे तिऱ्हाइतासारखे: मागे घेण्याचा गिअर असतो का, किंमत किती, गॅरेजच्या दारातून आत जाते का. एकाने स्वतःची ट्राइक त्यांना चालवून पाहायला दिली. आवारात दोन फेऱ्या मारून ते परतले आणि म्हणाले, ही तर दुकानातली ढकलगाडी आहे. सगळे हसले. मग विषय बदलला, पायांवर चर्चा सुरू झाली, कोणत्या गावच्या बेकरीत कवच अधिक खुसखुशीत असते यावर मतभेद झाले. आणि दहा मिनिटांनी त्या गृहस्थांनी पुन्हा विचारले, रुंदी नेमकी किती म्हणालात?

हा दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न ज्याला ऐकू येत नाही त्याला कविता वाचता येते, यावर आमचा विश्वास बसणार नाही.

आता टेनिसनकडे वळू. सप्टेंबर १८३३ मध्ये त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम वारला, आणि त्या शोकातच ‘युलिसिस’ लिहिली गेली; १८४२ साली ती प्रसिद्ध झाली. लिहिताना टेनिसन २४ वर्षांचा होता. जेनी जोसेफ यांचा जन्म १९३२चा. ‘वॉर्निंग’ त्यांनी १९६१ साली लिहिली, म्हणजे तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. म्हातारपणी आपण जांभळे कपडे आणि न शोभणारी लाल टोपी घालू, असे त्या कवितेतील स्त्री बजावते. इंग्रजी वाचकांच्या मनातील वार्धक्याची ही दोन अत्यंत लोकप्रिय चित्रे. आणि दोन्ही विशीतल्या माणसांनी रेखाटलेली. हा काही त्यांचा दोष नव्हे. परंतु तारुण्याने कल्पिलेले वार्धक्य हे बहुधा निर्धाराचे वा बंडाचे असते. त्यात गॅरेजच्या दाराची रुंदी येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टेनिसनचा युलिसिस एकटाच बोलतो. पत्नीचा उल्लेख करतो तो तिच्या वयापुरता. मुलाचे कौतुक करतो ते जबाबदारी त्याच्या गळ्यात घालण्यासाठी. आणि खलाशांना साद घालतो, पण खलाशी एक शब्दही बोलत नाहीत. हे खलाशी आले तरी कोठून, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो. होमरच्या ‘ओडिसी’त नायक इथाकाला पोहोचतो तो एकटा, त्याचे सर्व सोबती वाटेतच मेलेले असतात. टेनिसनने आधार घेतला तो मुख्यतः दान्तेच्या ‘इन्फर्नो’तील २६व्या सर्गाचा. तेथे युलिसिस आपल्या सोबत्यांना एक स्फूर्तिदायक भाषण देऊन अज्ञात समुद्रात नेतो आणि सर्वांसकट बुडतो. तेथेही सोबती मुकेच. नायकाच्या वाणीला एवढी धार यावी म्हणून सोबत्यांच्या जिभा काढून घेतलेल्या आहेत, असे म्हणावे लागते.

आणि म्हणूनच या क्लबने नाव नायकाचे घेतले असले, तरी प्रत्यक्षात तो खलाशांचा क्लब आहे, असे आमचे मत आहे. त्या मेजावर कोणाचेही भाषण झाले नाही. एकाने बोलावे, दुसऱ्याने तोडावे, तिसऱ्याने पाय खाता खाता भलतेच विचारावे, असेच चालले होते. पूर्वी मागच्या सीटवर बसणारी आणि वयाच्या पन्नाशीत स्वतः गाडी शिकलेली एक बाई त्यांत सर्वांत जास्त बोलत होती. तिला ऐकताना टेनिसनच्या कवितेतील ती निनावी पत्नी आठवत राहिली. बोलता बोलता तिने एका नसलेल्या सोबत्याचा उल्लेख केला. तो नेहमी मशरूमचा पाय मागवत असे, एवढेच ती म्हणाली. क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग कोणीतरी चहा आणायला उठले. शोकगीतात जे शंभर ओळींत साधते ते येथे एका पदार्थाच्या नावात उरकले होते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सुखवस्तू देशातील निवृत्तांचे चोचले आहेत. महागड्या गाड्या, रिकामा वेळ आणि पोटभर खाणे. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु राजाच्या असमाधानाला आम्ही काव्य मानत आलो, तर निवृत्त माणसाच्या असमाधानाला चोचले म्हणण्याचा अधिकार आम्हांला कसा पोहोचतो? दुसरा आक्षेप गंभीर आहे. जे बोलायला हवे ते टाळून माणसे कांगारू आणि खिम्याबद्दल बोलत असतील, तर ती पळवाट नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ट्राइक घ्यावी की गाडी विकावी, हा निर्णय त्या गृहस्थांना घ्यायचा होता. कोणी त्यांना थेट सल्ला दिला असता, तर ते उठून गेले असते. गप्पांनी त्यांना पुन्हा पुन्हा त्या प्रश्नाजवळ येऊ दिले आणि दर वेळी मान राखून मागे फिरू दिले. पळवाटेचा हेतू दूर जाण्याचा असतो. ही वाट जवळ येण्याची होती.

आमच्या मराठी अध्यापनालाही हे लागू आहे. वार्धक्य म्हटले की आमच्यापुढे १९७० साली रंगभूमीवर आलेला ‘नटसम्राट’ उभा राहतो. गणपतराव बेलवलकरांची स्वगते विद्यार्थी पाठ करतात आणि स्पर्धांत म्हणून दाखवतात. त्या नाटकाचे मोठेपण वादातीत आहे. परंतु म्हातारा माणूस म्हणजे एकटा आणि प्रकाशझोतात बोलणारा माणूस, ही सवय त्यातून आम्हांला लागली. एरवी त्याचे बोलणे आम्ही ‘म्हाताऱ्यांचा वेळ जात नाही’ म्हणून निकालात काढतो. विद्यार्थ्यांना टेनिसन शिकवताना, शेजारी चार वृद्धांचे अर्ध्या तासाचे संभाषण जसेच्या तसे उतरवून आणायला सांगावे आणि त्यातील ‘हल्ली’ किती वेळा व कोठे येतो हे शोधायला लावावे, अशी आमची सूचना आहे. उपरोध, सूचकता, मौन या संज्ञा त्यांना तेथे अधिक लवकर कळतील.

शेवटी पुन्हा होमर. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात टायरेसियस ओडिसियसला भविष्य सांगतो. वल्हे खांद्यावर घेऊन त्याने समुद्र न पाहिलेल्या लोकांच्या प्रदेशात चालत जावे. ज्या ठिकाणी कोणी त्या वल्ह्याला धान्य उफणण्याचे साधन समजेल, तेथे ते जमिनीत रोवावे, पोसायडनला बळी अर्पावा आणि घरी परतावे. मग त्याला आपल्या माणसांत, सुखाच्या म्हातारपणी, हळुवार मरण येईल. समुद्रात बुडणाऱ्या युलिसिसपेक्षा हा शेवट आम्हांला अधिक कठीण आणि अधिक मोठा वाटतो. आपल्या वल्ह्याला दुसऱ्याने भलतेच नाव द्यावे आणि आपण ते ऐकून घ्यावे, हे सोपे नाही. आपली पुढची गाडी ढकलगाडीसारखी आहे असे स्वतःच म्हणून, लोकांबरोबर हसून, नंतर तिची रुंदी विचारणे, हेही सोपे नाही.