माहिती मागताय? मग कारणही लिहा

हुपरीत व्यापाऱ्याने कारागिराला चांदी दिली की वजन होते, टंच आणि मजुरी ठरते, आणि सारे चिठ्ठीवर उतरते. चिठ्ठी नसेल तर घटीवरून भांडण ठरलेलेच. आता ऑर्डरी मोबाईल ॲपवर घेण्याचे दिवस आहेत. पण बरीच ॲप पैंजणाचा एक नमुना दाखवण्याआधी गिऱ्हाइकाकडे फोनमधली नावांची यादी, ठावठिकाणा, आधार नंबर मागतात. कारण काय, तर ‘आपल्याला उत्तम सेवा देण्यासाठी’. हे कारण नव्हे, टाळाटाळ आहे.

आपल्या धंद्यात ही माहिती साधी नाही. फोनमधली यादी म्हणजे बाप-लेकांनी मिळून जोडलेली गिऱ्हाइके. ठावठिकाणा तर त्याहून नाजूक. माल घेऊन परमुलखात फिरणारा माणूस या घडीला कुठे आहे हे नको त्याला कळले, तर जिवावर बेतेल. कर्ज देणाऱ्या काही ॲपांनी काय केले ते आठवा. कर्जदाराच्या यादीतल्या नातेवाइकांना फोन करून त्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जाच्या ॲपांना नावांची यादी आणि कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. कॅमेरा वा ठावठिकाणा ओळख पटवण्यापुरता एकदा, तोही संमती घेऊन.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हाच विचार सगळ्यांना लावला आहे. कोणती माहिती, कशासाठी, हे सोप्या भाषेत आधी सांगायचे आणि ते मराठीतही वाचता आले पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. या कलमांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पण चांगला मजकूर लिहायला मुदत कशाला हवी?

ॲप बनवणाऱ्या पोराला धंदा ठाऊक नसतो, म्हणून मजकूर आपणच द्यावा. ‘पावती पाठवण्यासाठी मोबाईल नंबर लागतो, जाहिरातीला वापरणार नाही.’ ‘खरेदी दोन लाखांवर आहे, म्हणून पॅन नंबर लागतो.’ ‘ठावठिकाणा दिलात तर पत्ता आपोआप भरेल, नको असेल तर हाताने लिहा.’ हे शेवटचे वाक्य विसरू नये. नाही म्हणणाऱ्याचे काम कसे चालेल, हे गिऱ्हाइकाला आधी कळले पाहिजे.

वेळही महत्त्वाची. पत्ता भरताना ठावठिकाणा मागावा, दुकान उघडताच नव्हे. आयफोनवर परवानगीच्या चौकटीतच कारण लिहिता येते. अँड्रॉइडच्या चौकटीत तशी जागा नाही, म्हणून चौकट येण्याआधी स्वतंत्र ओळ टाकायला सांगावे. ‘आता नको’ हे बटण ‘परवानगी द्या’ एवढेच मोठे ठेवावे; बारीक, फिकट अक्षरांत दडवू नये.

आणि आधार नंबरचा रकाना? तो कशासाठी ठेवला, हे एका ओळीत लिहून पाहा. लिहिता आले नाही तर रकानाच काढून टाका.