सोनेरी सुई दिसली की रुटाइल?

जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींतला माल असो की जयपूरहून पैलू पाडून आलेला ब्राझीलचा, क्वार्ट्झच्या ट्रेवरची लेबले वाचताना एक गोष्ट सतत खटकते. ‘गोल्डन रुटाइल’, ‘ककॉक्सेनाइट अ‍ॅमेथिस्ट’, ‘लेपिडोक्रोसाइट क्वार्ट्झ’ अशी नावे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी आतले खनिज तपासलेले असते? सोनेरी सुई दिसली की रुटाइल, काळी दिसली की टुरमलीन, लाल पापुद्रा दिसला की लेपिडोक्रोसाइट, असा आपला ठोकताळा. इन्क्लूजन ओळखण्यासाठी रंग हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. निव्वळ त्याच्या भरवशावर खनिजाचे नाव लिहिणे आपण थांबवले पाहिजे.

नव्या खनिजाचे नाव इंटरनॅशनल मिनरॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेशिवाय रूढ होत नाही. प्रकारांच्या नावांवर मात्र या संस्थेचा अंमल नाही. क्वार्ट्झ हे एकच खनिज. त्याचे अ‍ॅमेथिस्ट, सिट्रिन, अ‍ॅव्हेंच्युरीन असे प्रकार पाडले ते कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी आणि संग्राहकांनी. त्यामुळे इथली शिस्त आपली आपणच सांभाळायची आहे.

ती किती ढासळली आहे हे ‘सुपर सेव्हन’वरून दिसते. ब्राझीलमधल्या एस्पिरितो सान्तोच्या मालाला मिळालेले हे नाव. त्यात सात खनिजे असतात असे सांगितले जाते: क्वार्ट्झ, अ‍ॅमेथिस्ट, स्मोकी क्वार्ट्झ, रुटाइल, गोथाइट, लेपिडोक्रोसाइट आणि ककॉक्सेनाइट. यातली पहिली तीन नावे एकाच खनिजाची आहेत. ककॉक्सेनाइट हे लोह-अ‍ॅल्युमिनियमचे फॉस्फेट आहे. पण अ‍ॅमेथिस्टमधल्या पिवळ्या-तपकिरी झुपक्यांना हे नाव सर्रास दिले जाते, आणि तपासल्यावर ते बहुधा गोथाइट, म्हणजे साधे जलयुक्त लोह ऑक्साइड निघते. लाल पापुद्र्यांचेही तसेच. हेमटाइटचा पुरेसा पातळ पत्रा आरपार प्रकाशात रक्तासारखा लाल दिसतो, त्यामुळे नुसत्या लाल रंगावरून लेपिडोक्रोसाइट ठरत नाही.

मग दुकानात बसून काय करता येईल? दहापट भिंगातूनही बरेच कळते. सुई कापलेल्या पृष्ठभागावर जिथे उघडी पडते, ते टोक पाहावे. टुरमलीनचा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा असतो आणि अंगावर उभ्या रेघा असतात. रुटाइलचा छेद चौकोनी, चकाकी धातूकडे झुकणारी, आणि सुया एकमेकींना ठरावीक कोनांत छेदून जाळी करतात. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या नोवो होरिझोन्तेचे नमुने ज्यांनी हाताळले आहेत त्यांना तर शंकाच उरत नाही: मध्यभागी हेमटाइटची काळी षटकोनी चकती आणि तिच्या कडांतून सहा दिशांना निघालेले सोनेरी रुटाइलचे किरण. चकतीच्या स्फटिकरचनेनेच किरणांची दिशा ठरलेली असते. गोथाइट वेगळे वागते. एका बिंदूतून पंखा उघडावा तशा त्याच्या तारा फाकतात, आणि तो बिंदू पुष्कळदा क्वार्ट्झच्या एखाद्या जुन्या वाढीच्या पातळीवर बसलेला सापडतो.

आपल्या दख्खनच्या मालाबाबत तर जास्तच सावध राहावे लागते. बेसाल्टच्या पोकळ्यांतले क्वार्ट्झ तुलनेने कमी तापमानाला वाढलेले असते. त्यात सोनेरी तारा दिसल्या, तर आधी गोथाइटचा विचार करावा, रुटाइलचा नंतर. पांढरे बारीक तंतू मॉर्डेनाइटचे असू शकतात, दुसऱ्या एखाद्या झिओलाइटचेही असू शकतात. हिरवा रंग सेलॅडोनाइटचा असण्याची शक्यता मोठी, पण क्लोराइटही हिरवेच असते आणि भिंगातून दोघांतला फरक सांगता येत नाही. ‘मॉस अगेट’ हे नाव मला म्हणूनच प्रामाणिक वाटते. आत शेवाळ नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव फक्त दिसण्याबद्दल बोलते, आतल्या खनिजाबद्दल कोणताही दावा करत नाही.

व्याख्येत उत्पत्ती घुसवण्याचा मोहही टाळावा. टायगर आय म्हणजे क्रोसिडोलाइटच्या तंतूंची जागा क्वार्ट्झने घेतल्यामुळे झालेला दगड, असे एकोणिसाव्या शतकापासून पाठ्यपुस्तकांत होते. 2003 मध्ये हीनी आणि फिशर यांनी दाखवले की खडकाला पुन्हापुन्हा तडे गेले, ते भरत गेले आणि क्वार्ट्झ व क्रोसिडोलाइट बरोबरीने वाढले. उत्पत्तीवर बेतलेली व्याख्या तिथेच कोलमडली; ‘समांतर तंतूंमुळे चमकपट्टा दाखवणारे क्वार्ट्झ’ ही व्याख्या मात्र टिकली. रोझ क्वार्ट्झ तर रंगाचा प्रकार म्हणूनच शिकवले जाई. 2001 मध्ये गोरेवा, मा आणि रॉसमन यांच्या अभ्यासातून दिसले, की ढेपेच्या स्वरूपातल्या रोझ क्वार्ट्झचा गुलाबीपणा ड्युमॉर्टिएराइटसारख्या खनिजाच्या अतिसूक्ष्म तंतूंमुळे येतो. उजेडात फिकट पडणारे, पैलूदार गुलाबी स्फटिक निराळे. त्यांना ‘पिंक क्वार्ट्झ’ म्हणून वेगळे ठेवणेच बरे.

इन्क्लूजन कायम तेच राहते असेही धरून चालू नये. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतला पिवळट-तपकिरी अकीक खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या भाजत आले आहेत. त्या आचेने आतल्या गोथाइटचे पाणी निघून जाते, त्याचे हेमटाइट होते आणि दगड लाल कार्नेलियन बनतो. अ‍ॅमेथिस्ट भाजून सिट्रिन करतानाही आतल्या गोथाइटच्या सुया तशाच तांबड्या पडतात. म्हणून भाजलेल्या मालाच्या लेबलावर आतल्या खनिजाइतकीच प्रक्रियेची नोंदही महत्त्वाची.

अ‍ॅव्हेंच्युरीनबद्दल थोडक्यात. आपल्याकडे येणारा हिरवा माल, ज्यातले चमचमणारे कण फुकसाइट या क्रोमियमयुक्त अभ्रकाचे असतात, तो एकसंध स्फटिक नाही. तो क्वार्ट्झाइट हा खडक आहे. त्याला ‘इंडियन जेड’ म्हणून विकणे बंद व्हायला हवे.

आमची सूचना साधी आहे. लेबलावर आधी यजमान लिहावा: क्वार्ट्झ, अ‍ॅमेथिस्ट, कॅल्सिडनी, जे असेल ते. मग इन्क्लूजन. तपासून ओळख पटली असेल तरच खनिजाचे नाव. नसेल तर ‘सोनेरी सुया’, ‘हिरवे तंतू’, ‘लाल पत्रे’ असे सरळ वर्णन. व्यापारी नाव द्यायचेच असेल तर शेवटी, अवतरणचिन्हांत.

रामन चाचणीत पारदर्शक क्वार्ट्झमधून लेसर आतल्या कणावर रोखता येतो, दगड फोडावा लागत नाही. कण फार बारीक किंवा खोल असला तर आलेखात क्वार्ट्झची 464 ची शिखररेषाच वरचढ ठरते आणि प्रयोगशाळा ओळख पटली नाही असे कळवते. अशा वेळी लेबलावरही वर्णनच राहू द्यावे. ग्राहकाला ते समजावून सांगता येते.

पुढील अंकापासून या मासिकातल्या जाहिरातींनाही हाच नियम लागू राहील. क्वार्ट्झमधल्या इन्क्लूजनला खनिजाचे नाव देणाऱ्या जाहिरातीसोबत चाचणी अहवालाची प्रत जोडावी. ती नसेल तर आम्ही जाहिरातदाराला विचारून त्या जागी वर्णन छापू.